गैरहजर मुलाचे गुण किती?

सहामाही परीक्षेचे निकालपत्रक भरताना शिक्षक एक काम इतक्या सवयीने करतात, की त्यात काही निर्णय आहे हे जाणवतही नाही. मुलगी परीक्षेला बसली आणि तिला काहीच आले नाही, तर तिच्या नावापुढे शून्य लिहितात. मुलगा परीक्षेला आलाच नाही, तर ‘गै.’ लिहितात. दोघांच्याही खात्यावर एकही गुण जमा नाही, तरी दोन नोंदी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या का, हे कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. प्रश्न येतो तो वर्गाची सरासरी काढताना. कोणी परीक्षेला बसलेल्या मुलांच्या संख्येने भागतो, कोणी पटावरील संख्येने. एकाच शाळेत, एकाच दिवशी, दोन वर्गशिक्षक दोन रीती वापरतात आणि दोन्ही सरासऱ्या एकाच अहवालात शेजारीशेजारी बसतात.

आता निकालपत्रके कागदावर कमी आणि संगणकात जास्त असतात. तिथे बेरीज, सरासरी, मोजणी करणारी फंक्शने तयारच मिळतात. एक शब्द लिहिला, की उत्तर समोर. त्यामुळे ‘गै.’चे काय करायचे हा निर्णय टळला, असे वाटण्याचा संभव आहे. तो टळलेला नसतो. आपल्या वतीने तो आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. तो निर्णय कोणता आणि त्याचे परिणाम काय, हे या लेखात पाहू या. संगणकाची भाषा येत नसली तरी वाचकांचे काही अडणार नाही. बेरीज-भागाकार आणि थोडी सावधगिरी पुरे.

माहिती कोष्टकात ठेवणे ही काही नवी गोष्ट नाही. आपला हजेरीपट, जनरल रजिस्टर ही कोष्टकेच आहेत. पण साध्या कोष्टकांच्या पायावर गणिती शिस्तीचा माहितीसाठा उभारता येतो, हे दाखवले एडगर कॉड यांनी. ते मूळचे इंग्लंडचे. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत. त्यांचा यावरील प्रसिद्ध शोधनिबंध १९७० सालचा. त्याआधी माहिती शोधायची, तर ती कुठे ठेवली आहे आणि कोणत्या दुव्यांवरून तिथवर पोहोचायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड यांची भूमिका अशी, की माणसाने फक्त काय हवे ते सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्रणेने पाहावे. या पद्धतीच्या साठ्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. त्याला प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तिचे नाव होते ‘सीक्वेल’. ते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ट्रेडमार्कशी भिडत होते, म्हणून ते आखडून ‘एसक्यूएल’ झाले. १९८६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने या भाषेला अधिकृत रूप दिले. त्या पहिल्या मानकात गठ्ठ्यावर काम करणारी पाच फंक्शने होती: मोजणारे ‘काउंट’, बेरीज करणारे ‘सम’, सरासरी काढणारे ‘एव्हीजी’, आणि सर्वांत मोठी व सर्वांत लहान किंमत सांगणारी ‘मॅक्स’ व ‘मिन’. आज अशा प्रणालींत शेकडो फंक्शने असतात. तरी रोजच्या कामाचा बराचसा भार या पाचांवरच असतो.

आपण एक छोटे कोष्टक घेऊ. नववीच्या दोन तुकड्या, गणिताचा एक पेपर, शंभरपैकी गुण. कोष्टकाचे नाव ‘निकाल’; रकाने तीन – नाव, तुकडी, गणित.

अनिता – अ – ७२
बाळू – अ – ४०
चित्रा – अ – ५६
दत्ता – अ – (रिकामे)
एकनाथ – ब – ३८
फातिमा – ब – ६४
गौरी – ब – ०
हसीना – ब – ५०
इंदू – ब – ४८
जयंत – ब – (रिकामे)

दत्ता आणि जयंत यांच्या चौकटी रिकाम्या आहेत. गौरीची रिकामी नाही. ती पेपरला बसली होती, तिला शून्य मिळाले. डेटाबेसमध्ये रिकाम्या चौकटीला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. मोकळी जागा किंवा अक्षरे नसलेला मजकूर असाही त्याचा अर्थ नाही. ‘इथली किंमत उपलब्ध नाही’ एवढीच ती खूण आहे. (ओरॅकल ही प्रणाली मात्र अक्षरे नसलेला मजकूर नलच धरते. अशा लकबी प्रत्येक प्रणालीत सापडतात.)

आता प्रश्न विचारू. प्रत्यक्षात या भाषेतले शब्द रोमन लिपीत टाइप करावे लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून ते देवनागरीत लिहिले आहेत. रकान्यांची नावे मात्र अनेक प्रणालींत खरोखरच देवनागरीतही चालतात.

सिलेक्ट काउंट(*), काउंट(गणित), सम(गणित), एव्हीजी(गणित) फ्रॉम निकाल;

अर्थ सरळ आहे: ‘निकाल’ या कोष्टकातून इतक्या गोष्टी काढून दे. उत्तर येते – १०, ८, ३६८, ४६.

पहिल्या दोन उत्तरांकडे नीट पाहा. कंसात तारका असेल तर काउंट ओळी मोजते, मग ओळीत काही असो वा नसो. म्हणून दहा. कंसात रकान्याचे नाव असेल तर त्या रकान्यातल्या फक्त भरलेल्या चौकटी मोजते. म्हणून आठ. गौरीचे शून्य या आठांत आहे. बेरीज ३६८ आहे आणि सरासरी ४६. म्हणजे एव्हीजीने ३६८ ला आठाने भागले, दहाने नव्हे. हाच तो आधी घेऊन ठेवलेला निर्णय: गठ्ठ्यावर काम करणारी फंक्शने नल ओलांडून पुढे जातात. तसे सांगण्यासाठी कुठलाही संदेश ठळकपणे पडद्यावर येतोच असे नाही. ४६ हा आकडा तिथे एकटाच उभा असतो.

यात चूक काही नाही. ‘जे पेपरला बसले त्यांची सरासरी किती?’ या प्रश्नाचे ४६ हे अगदी बरोबर उत्तर आहे. पण अहवालात त्याच्यापुढे ‘इयत्ता नववीची सरासरी’ असे लिहिले, की तो वेगळ्याच प्रश्नाचा आकडा होतो. यातला धोका एका लहानशा हिशेबाने दिसतो. समजा, गौरी त्या दिवशी पोटदुखीमुळे घरी राहिली असती आणि तिची चौकट रिकामी गेली असती. मग बेरीज तीच ३६८, भरलेल्या चौकटी सात आणि सरासरी सुमारे ५२.६. एकाही मुलाला एकही गुण अधिक मिळालेला नाही, तरी वर्ग साडेसहा गुणांनी पुढे गेला. सरासरीवरून शाळांची तुलना होऊ लागली, की कच्च्या मुलांनी परीक्षेच्या दिवशी घरी राहणे कोणाच्या सोयीचे ठरेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून कोणतीही सरासरी हाती आली, की तिच्या शेजारी दोन्ही काउंट मागावेत. दहापैकी आठ, की दहापैकी तीन? हे कळल्याशिवाय त्या सरासरीला अर्थ नाही.

मग रिकाम्या जागी सरळ शून्य धरावे काय? त्यासाठीही फंक्शन आहे. त्याचे नाव ‘कोअलेस’. कंसात दिलेल्या किमतींपैकी नल नसलेली पहिली किंमत ते परत देते.

सिलेक्ट एव्हीजी(कोअलेस(गणित, ०)) फ्रॉम निकाल;

दत्ता आणि जयंत यांच्या जागी शून्य आले. ३६८ भागिले १०, उत्तर ३६.८. पण या दोन मुलांची हकिगत वर्गशिक्षकांना विचारा. दत्ता आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आहे. त्याला गणित येते की नाही हे आपण तपासलेलेच नाही. जयंत तर पेपर झाल्यानंतर दुसऱ्या शाळेतून दाखला घेऊन इथे आला. जो पेपर देणे त्याला शक्यच नव्हते, त्यात त्याला शून्य देण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? ४६ आणि ३६.८ यांपैकी कोणता आकडा द्यायचा हे संगणक सांगू शकत नाही. फंक्शन दोन्ही देईल. आकडा कशासाठी हवा आहे हे ज्याला माहीत, त्यानेच ते ठरवायचे आणि आकड्याखाली लिहायचे.

सरासरीपेक्षाही घातक गोष्ट मुलांच्या याद्यांत घडते. समजा, उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ आहे. पस्तीसपेक्षा कमी गुण असलेल्या मुलांचा जादा तास घ्यायचा आहे. आपण यादी मागतो – ‘व्हेअर गणित < ३५’. ‘व्हेअर’ म्हणजे चाळणी. यादीत एकच नाव येते, गौरी. आता उरलेल्यांची यादी मागू – ‘व्हेअर नॉट (गणित < ३५)’. साध्या तर्काने एक सोडून बाकी नऊ यायला हवेत. येतात सात. दत्ता आणि जयंत दोन्ही याद्यांत नाहीत. शाळेच्या पटावर ती मुले आहेत, पण ‘कच्चे’ आणि ‘कच्चे नसलेले’ या दोन्ही कागदांवर त्यांचा पत्ता नाही.

कारण असे, की या भाषेत विधानाच्या किमती दोन नाहीत, तीन आहेत: खरे, खोटे आणि अज्ञात. दत्ताचे गुण ३५ पेक्षा कमी आहेत का? ठाऊक नाही. ‘कमी नाहीत’ हे तरी खरे आहे का? तेही ठाऊक नाही. अज्ञाताला ‘नॉट’ लावले तरी ते अज्ञातच राहते, आणि चाळणीतून फक्त ‘खरे’ असलेल्या ओळी खाली पडतात. दत्ताचे गुण जयंतच्या गुणांएवढे आहेत का, याचेही उत्तर अज्ञात. म्हणून ‘गणित = नल’ असे लिहून रिकाम्या चौकटी कधीच सापडत नाहीत; त्यासाठी ‘गणित इज नल’ असे खास लिहावे लागते. ते लिहिले, की दोघे सापडतात. जादा तासाची सर्वांत जास्त गरज कदाचित दत्तालाच असेल, पण ती तिसरी यादी मागायचे कोणाला तरी सुचले पाहिजे.

वर्गात हे सगळे संगणकाशिवाय करून पाहता येते. दहा चिठ्ठ्या घ्या आणि वरची एकेक ओळ एकेका चिठ्ठीवर लिहा. दत्ता आणि जयंत यांच्या चिठ्ठीवर गुणांची जागा कोरी ठेवा. आता पाच मुलांना कामे वाटून द्या. पहिल्याने सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, हे ‘फ्रॉम’. दुसऱ्याने एका वेळी एकच चिठ्ठी उचलायची, अट पाहायची आणि चिठ्ठी ठेवायची किंवा बाजूला टाकायची, हे ‘व्हेअर’. तिसऱ्याने राहिलेल्या चिठ्ठ्यांचे तुकडीप्रमाणे गठ्ठे करायचे. हे ‘ग्रुप बाय’. चौथ्याने प्रत्येक गठ्ठ्याकडे पाहून एखादा गठ्ठा ठेवायचा की काढायचा ते ठरवायचे; हे ‘हॅविंग’. पाचव्याने उत्तर फळ्यावर लिहायचे; हे ‘सिलेक्ट’. गंमत अशी, की लिहिताना सिलेक्ट सर्वांत आधी लिहितात आणि त्याचे काम मात्र जवळजवळ शेवटी येते. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सिलेक्ट तुकडी, काउंट(*), काउंट(गणित), एव्हीजी(गणित) फ्रॉम निकाल ग्रुप बाय तुकडी;

पाचवा मुलगा फळ्यावर दोन ओळी लिहील: अ – ४, ३, ५६ आणि ब – ६, ५, ४०. गठ्ठ्यात कितीही चिठ्ठ्या असोत, प्रत्येक गठ्ठ्याची एकच ओळ होते. म्हणूनच या प्रश्नात नाव हा रकानाही मागितला तर बहुतेक प्रणाली नकार देतात. अ तुकडीच्या एका ओळीत चार नावांपैकी कोणते लिहायचे?

आता मुलांना सांगा: सरासरीपेक्षा कमी गुण असलेली मुले शोधा. कोणीतरी लिहील – ‘व्हेअर गणित < एव्हीजी(गणित)’. संगणक हे स्वीकारत नाही. का, ते चिठ्ठ्यांच्या खेळात लगेच कळते. दुसऱ्या मुलाच्या हातात एका वेळी एकच चिठ्ठी आहे. गठ्ठा अजून तयारच झालेला नाही, तर त्याची सरासरी तो कोठून आणणार? म्हणून आधी एक वेगळा प्रश्न विचारून सरासरी काढून घ्यायची आणि ते उत्तर त्याच्या हातात द्यायचे:

सिलेक्ट नाव फ्रॉम निकाल व्हेअर गणित < (सिलेक्ट एव्हीजी(गणित) फ्रॉम निकाल);

आतला प्रश्न ४६ देतो, बाहेरचा बाळू, एकनाथ आणि गौरी ही नावे. गठ्ठ्यांना अट लावायची असेल तर ती ‘हॅविंग’मध्ये चालते, कारण तोवर गठ्ठे झालेले असतात. ‘हॅविंग एव्हीजी(गणित) < ४५’ म्हटले, की फक्त ब तुकडी उरते.

फळ्यावरच्या त्या दोन ओळींवरून आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. अ ची सरासरी ५६, ब ची ४०. मग दोन्ही तुकड्यांची मिळून किती? बरीच मुले, आणि काही अहवालही, ४८ सांगतात. पण मघाशी आपल्याला ४६ मिळाले होते. अ मध्ये तीनच गुण मोजले गेले, ब मध्ये पाच. दोघांना समान वजन दिले तर अ च्या प्रत्येक मुलाला ब च्या मुलापेक्षा जास्त किंमत मिळते. केंद्राची सरासरी शाळांच्या सरासऱ्यांवरून आणि तालुक्याची केंद्रांच्या सरासऱ्यांवरून काढत गेले, तर ही तफावत पायरीपायरीने साचत जाते. खालून वर पाठवायची ती बेरीज आणि मोजणी, सरासरी नव्हे. हा नियम कागदी निकालपत्रकालाही तितकाच लागू आहे.

दोन रकाने एकत्र आले की नल आणखी एक खोडी करतो. एकीला गणितात ४० आणि विज्ञानात ३० गुण आहेत. दुसरीला गणितात ५०, विज्ञानाची चौकट रिकामी. ‘सम(गणित) + सम(विज्ञान)’ याचे उत्तर ९० अधिक ३०, म्हणजे १२०. ‘सम(गणित + विज्ञान)’ याचे उत्तर ७०. दुसऱ्या प्रश्नात आधी प्रत्येक ओळीत बेरीज होते आणि ५० अधिक अज्ञात म्हणजे अज्ञात. मग सम ती ओळ ओलांडून जाते आणि मुलीचे मिळवलेले पन्नास गुणही जातात. बेरीज कशीही गट पाडून केली तरी उत्तर तेच, हा शाळेत शिकवलेला नियम इथे चालत नाही. आणि एकही ओळ नसलेल्या गठ्ठ्याचे काय? ‘क’ तुकडी आपल्याकडे नाहीच. तिच्यासाठी काउंट शून्य सांगते, पण सम नल सांगते. गणितात रिकाम्या संचाची बेरीज शून्य मानतात. एसक्यूएलच्या कर्त्यांनी ती तशी मानली नाही. मला हा निर्णय आजही पटत नाही, पण तो पाळावा लागतो.

आतापर्यंतची फंक्शने गठ्ठ्यावर चालणारी होती. दुसरी मोठी जात एकेका चौकटीवर चालते: दहा ओळी दिल्या तर दहा उत्तरे. ‘ट्रिम’ मजकुराच्या मागची-पुढची मोकळी जागा काढते. ते क्षुल्लक वाटते, पण एका लिपिकाने ‘अ’ आणि दुसऱ्याने ‘अ’ नंतर स्पेसची कळ दाबून तुकडी भरली असेल, तर पुष्कळ प्रणालींत ग्रुप बाय त्यांचे दोन गठ्ठे करते आणि एका वर्गाच्या दोन तुकड्या होतात. आपल्या लिपीत ही अडचण जास्तच आहे. ‘ॲ’ हे अक्षर एक चिन्ह म्हणूनही टाइप होते आणि ‘अ’ वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. छापून आल्यावर दोन्ही सारखी दिसतात. फंक्शनला ती वेगळी वाटतात.

मजकुराची लांबी सांगणारे फंक्शन देवनागरीवर चालवून पाहण्यासारखे आहे. ‘क्षितिज’ या नावात अक्षरे किती? आपण म्हणू तीन. युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हे आहेत: क, हलन्त, ष, इकार, त, इकार, ज. आणि युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, म्हणजे एकवीस बाइट. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ हे फंक्शन एकवीस सांगते आणि ‘कॅरॅक्टर लेंग्थ’ सात. पोस्टग्रेसमध्ये ‘लेंग्थ’चेच उत्तर सात येते. तीन हे उत्तर यांपैकी कोणीच देत नाही. नावासाठी वीस जागा पुरतील असे ठरवताना त्या वीस कशाच्या, हे विचारून घ्यावे.

‘राउंड’ हे फंक्शन मात्र निकालाशी थेट जोडलेले आहे. समजा एखाद्याची सरासरी ३४.५ आली आणि ती पूर्णांकात हवी आहे. वर्गात आपण शिकवतो, अर्धा असेल तर वरचा पूर्णांक घ्यावा, म्हणजे ३५. पोस्टग्रेसमध्ये ही संख्या दशमान प्रकारात साठवलेली असेल तर राउंड ३५च देते. पण द्विमान अपूर्णांकाच्या प्रकारात साठवली असेल तर साधारणपणे ३४ येते. तिथे नियम वेगळा आहे: बरोबर अर्धा असेल तेव्हा जवळच्या सम संख्येकडे जायचे. हा नियम लहरी नाही. नेहमीच वर गेले तर हजारो संख्यांच्या बेरजेत वाढीव भर साचते; सम संख्येकडे जाताना निम्म्या वर जातात, निम्म्या खाली येतात आणि तोल राहतो. सांख्यिकीसाठी तो योग्यच आहे. एका मुलाच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेसाठी मात्र ज्या नियमाची घोषणा केली तोच वापरला गेला पाहिजे, आणि तो रकान्याच्या प्रकारात दडलेला असू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर गुणांचा रकाना पूर्णांकांचा असेल तर एव्हीजीही पूर्णांकच देते: ४० आणि ४१ ची सरासरी ४०.

वय काढणाऱ्या फंक्शनांबद्दलही थोडक्यात सांगायला हवे. त्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन तारखांतला फरक वर्षांत मागितला, तर ३१ डिसेंबर आणि दुसऱ्या दिवशीची १ जानेवारी यांच्यात एक वर्ष निघते. ते फंक्शन मधे किती वेळा वर्ष बदलले एवढेच मोजते. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षे पूर्ण झाली का, हे त्यावरून ठरवू नये.

हे सारे करून पाहायचे असेल तर ‘एसक्यूलाइट’ पुरे आहे. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली प्रथम प्रसिद्ध केले. ते विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालते, आणि खिशातल्या फोनमध्ये बहुधा आधीच काम करत असते.

आता पुन्हा दत्ता आणि जयंत यांच्याकडे. दोघांच्या चौकटी रिकाम्या आहेत, पण कारणे वेगळी. दत्ताचे गुण असायला हवे होते, ते मिळाले नाहीत. जयंतला ते लागूच नाहीत. हा भेद कॉड यांनाही महत्त्वाचा वाटत होता. १९९० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी नलचे दोन प्रकार सुचवले: ‘लागू आहे पण उपलब्ध नाही’ आणि ‘लागूच नाही’. दोहोंच्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. एसक्यूएलने ते स्वीकारले नाही. तिथे आजही नल एकच आहे. कॉड यांचे सहकारी ख्रिस डेट यांनी तर नल नकोच, अशी बाजू अनेक वर्षे मांडली. तो वाद मिटलेला नाही.

शिक्षकाला त्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोष्टकात ‘स्थिती’ हा आणखी एक रकाना ठेवायचा आणि तो कधीही रिकामा सोडायचा नाही. त्यात प्रत्येक मुलापुढे ‘हजर’, ‘गैरहजर’ किंवा ‘नंतर दाखल’ लिहायचे. गुणांचा रकाना गुणांपुरताच राहील. आणि मग विचारायचे:

सिलेक्ट तुकडी, स्थिती, काउंट(*), एव्हीजी(गणित) फ्रॉम निकाल ग्रुप बाय तुकडी, स्थिती;

अ – हजर – ३ – ५६
अ – गैरहजर – १ – (रिकामे)
ब – हजर – ५ – ४०
ब – नंतर दाखल – १ – (रिकामे)

चार ओळींतील संख्यांची बेरीज दहा येते. पटाशी ती जुळते. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत सरासरीची जागा रिकामी आहे, आणि छापतानाही ती रिकामीच ठेवायची. दुसरी ओळ पाहिल्यावर दत्ता परत कधी येणार आणि त्याची फेरपरीक्षा केव्हा घ्यायची, याची चौकशी मात्र वर्गशिक्षकांनाच करावी लागेल.